काळजात दोघे होते

मी काळीज बोलतोय. थांबा, हात डाव्या छातीवर नेऊ नका. तिथे जे धडधडतं ते हृदय. मी त्याच्या खाली, उजव्या अंगाला, बरगड्यांच्या आड बसतो. शाळेच्या पुस्तकात मला यकृत म्हणतात, दवाखान्यात लिव्हर म्हणतात आणि मटणाच्या दुकानात कलेजी. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र माझं नाव काळीज. ते नाव लोकांनी केव्हातरी उचललं आणि शेजाऱ्याला देऊन टाकलं. काळजाचा ठोका चुकला म्हणे. अहो, मला ठोका असतो का कुठे? मी आपला खाली मान घालून राबणारा. पण या नावाच्या गोंधळापायी माझ्या मालकाचे मोलाचे दिवस फुकट गेले, म्हणून आज बोलायला बसलोय.

माझा मालक हितेश म्हात्रे. वय छत्तीस. पेण तालुक्यात खाडीकाठी त्याचं गाव आहे. वडील मिठागरात राबले आणि गेले. मिठागरंही पुढे बुजली. हितेशने ट्रेलर चालवायला घेतला. पोर्टातून कंटेनर उचलायचे आणि महामार्गाने माणगावच्या पुढे कारखान्यांत पोचवायचे, हे त्याचं काम. घरात आई सखुबाई, बायको प्राप्ती आणि चार वर्षांची लेक केसर.

माझी घडण सखुबाईच्या पोटात झाली. नऊ महिने मी तिच्या काळजाच्या शेजारीच होतो म्हणा ना. जन्माच्या दिवशी रक्ताबरोबर एक पाहुणा माझ्याकडे आला. इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचा नाही. विषाणू. त्याने ताप आणला नाही, पोट दुखवलं नाही. कोपऱ्यात बसून राहिला आणि आपल्यासारखे आणखी तयार करत गेला. तान्ह्या मुलाच्या शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे कळत नाही. त्यामुळे त्याला कुणी हटकलं नाही. हितेश चालायला लागला, शाळेत गेला, खाडीत पोहला, त्याला मिसरूड फुटलं. कुणाला काही पत्ता नव्हता.

मला होता. पण माझी एक अडचण आहे. मला दुखत नाही. दुखण्याची नस माझ्या आवरणाला आहे, आत नाही. आत कुणी कितीही कुरतडलं तरी मी ओरडू शकत नाही. तिसाव्या वर्षानंतर शरीराला तो पाहुणा परका वाटू लागला. मग मारामारी सुरू झाली आणि तिचं मैदान मी. जिथे मारामारी झाली तिथे वण पडले. मऊ जागा राठ होत गेल्या. तरी मी काम थांबवलं नाही. आमच्या जातीला तीच खोड आहे, अर्धं अंग निकामी झालं तरी उरलेल्या अर्ध्यावर संसार ओढतो. मालकाला वाटतं सगळं ठीक आहे.

या हितेशचं मला नवल वाटतं. इंजिनाचा आवाज जरा बदलला की तो ट्रेलर बाजूला घेणार, खाली उतरणार, वाकून बघणार, बोटाला तेल लावून त्याचा रंग तपासणार. दर ठरल्या किलोमीटरला फिल्टर बदलणार. आणि स्वतःचा फिल्टर? त्याला मी कुठल्या बाजूला आहे हेही सांगता आलं नसतं.

गेल्या वैशाखात दुसरा पाहुणा आला.

खाडीकाठच्या आमच्या गावांत उन्हाळ्यात नळाला नुसती हवा येते. गाव टँकरवर जगतं. सखुबाई पाणी उकळून ठेवते, त्यामुळे घरात भीती नव्हती. पण पोर्टाच्या रस्त्याला ट्रेलरची रांग लागली की आठ-आठ तास तिथेच. एका दुपारी रांगेतल्या सोबत्यांबरोबर हितेश रस्त्याकडेच्या एका झावळ्यांच्या झापात माडी प्यायला. माडी कमी पडली तेव्हा विकणाऱ्याने पिंपातलं पाणी ओतून ती वाढवली. कोपरापर्यंत हात पिंपात बुडवून त्याने तांब्या भरला होता. त्या तांब्यातून अमीबा आला. पुस्तकात ज्याचं चित्र काढून पोरं गुण मिळवतात तो नव्हे, त्याचाच एक वाह्यात भाऊबंद.

आधी तो आतड्यात उतरला. आठ दिवस हितेशचं पोट बिघडलं, आव पडली. त्याने औषधाच्या दुकानातून जुलाब बंद करणारी गोळी घेतली, दोन घोटांत गिळली आणि गाडी काढली. पोट थांबलं. अमीबा थांबला नाही. आतड्यातून येणारं सगळं रक्त पहिल्यांदा माझ्याकडे येतं, तपासणीला. त्याच रक्तातून तो वर आला आणि माझ्या उजव्या भागात रुतला.

विषाणू निदान चोरासारखा वागायचा. हा दरोडेखोर निघाला. आल्या दिवसापासून त्याने खायला सुरुवात केली. जिथे खाल्लं तिथे माझं पाणी झालं. एरवी मी धडधाकट असतो तर आजूबाजूचा भाग पुढे सरसावला असता, नुकसान भरून काढलं असतं. पण आजूबाजूला वण होते. हाताशी माणसंच नाहीत अशा घरात आग लागावी तशी माझी गत झाली. पोकळी आधी लिंबाएवढी होती. पंधरा दिवसांत ती मोसंबीएवढी झाली आणि पहिल्यांदाच माझं आवरण ताणलं.

आता दुखलं. हितेशला हुडहुडी भरून ताप यायला लागला, रोज संध्याकाळी. उजवा खांदा ठणकायला लागला. माझं दुखणं खांद्यात निघतं, नसांची वाट तशी आहे. पण घरात ठरलं की ड्रायव्हरचा खांदा आहे, खिडकीतल्या वाऱ्याने धरला असणार. प्राप्तीने तेल कोमट करून चोळलं. ती बिचारी जीव लावून चोळत होती आणि मी वीतभर खाली फुटायच्या बेतात होतो.

एका सकाळी हितेशला उठता येईना. बरगडीखाली हात दाबून तो आईला म्हणाला, "आये, कालजान दुखतंय."

आमच्या आगरी बोलीत काळजाला कालीज म्हणतात. हितेश अगदी बरोबर बोलला होता. सखुबाईलाही बरोबर कळलं. जत्रेला बोकड कापला की वाटे तीच घालते, कालीज कुठे असतं ते तिला कुणी शिकवायला नको. पण दवाखान्यात न्यायला आला प्राप्तीचा भाऊ हर्षद. हा पनवेलला ऑफिसात, बोलणं सगळं शहरी. जीवाला जीव देणारा माणूस, पण घाईचा. महामार्गावरच्या एका छोट्या दवाखान्यात त्याने आत शिरता शिरताच सांगून टाकलं की भावजींच्या हार्टमध्ये दुखतंय. हितेशला तापाने बोलवत नव्हतं. तिथल्या नव्या डॉक्टरने घाईघाईने ईसीजी काढला. पुन्हा एकदा काढला. दोन्ही चांगले आले. हृदय खणखणीत आहे, पित्त झालं असेल, असं म्हणून तापाची आणि पित्ताची गोळी देऊन त्यांना घरी पाठवलं. हर्षदने सगळ्यांना फोन केले की घाबरू नका, हार्ट ओके आहे. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र धडकी भरली. मोठी भीती टळली की माणसं लहान गोष्टी विचारायचं सोडून देतात.

दुसऱ्या दिवशी हितेशचे डोळे पिवळे झाले.

आता निदान करायला डॉक्टर कशाला हवा? अख्खं गाव म्हणालं, कावीळ. आणि कावीळ म्हटलं की बायजा. बायजा शेजारच्या पाड्यावरची म्हातारी, चाळीस वर्षं काविळीची माळ घालते. कसल्याशा झुडपाच्या कोवळ्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे, तिचं कडं डोक्यावर ठेवायचं. माळ वाढत वाढत कानांवरून गळ्यात, गळ्यातून कमरेला आणि शेवटी पायांतून बाहेर पडली की कावीळ उतरली. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. माझा तिच्याशी काही संबंध नाही. साधी कावीळ तेवढ्या दिवसांत आपली आपण जाते आणि यश माळेला मिळतं. त्याचंही मला काही नाही. पण त्या माळेचा एक नियम होता, ती अंगावर असेतो दुसरं औषध तोंडात घालायचं नाही.

सखुबाईने तो नियम काटेकोर पाळला. तापाच्या गोळ्या उचलून फळीवर ठेवल्या. उसाचा रस, मऊ भात, तेल नाही, तिखट नाही. केसर दर थोड्या वेळाने येऊन बापाच्या डोक्यावरची माळ बघायची आणि अंगणात जाऊन सांगायची की माळ वाढली. माळ कानांवर आली तेव्हा घर हसलं. त्या दिवशी माझ्या पोकळीची भिंत नखाएवढी उरली होती. वर नुसता एक पडदा आणि पडद्यावर फुप्फुस. वर फुटलो तर छातीत, खाली फुटलो तर पोटात. दोन्हीकडे मरणच. आणि मी पिवळ्या डोळ्यांखेरीज दुसरी खूण करू शकत नव्हतो, ती खूण तर सगळ्यांनी कधीच वाचून बाजूला ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी माळ पाहायला बायजा स्वतः आली. माळ गळ्यात उतरलेली पाहून तिने खूश व्हायला हवं होतं. तिने हितेशच्या कपाळाला हात लावला, तो तसाच ठेवला, आणि ताप कधीपासून आहे ते विचारलं. सखुबाईने सांगितलं.

"कावील डोल्यांत उतरली का ताप जातो," ती म्हणाली. "चालीस वर्सं बगतंय मी. याचा ताप वाढतोय. ह्यो माज्या मालेचा रोग न्हाय, सखू. काय दुसरा हाय आत."

सखुबाई म्हणाली की माळ तर वाढतेय. बायजाने ती माळ हितेशच्या गळ्यातून काढली आणि दोरा तोडून टाकला. चाळीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं म्हणतात. मी पुष्कळ शिकलेली माणसं ऐकलीत, पण आपल्याला हे कळत नाही असं इतक्या सरळ सांगणारं माणूस विरळा.

त्याच दिवशी हर्षदने हितेशला अलिबागला नेलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर अनुया होत्या. श्रीवर्धनच्या, घरची सुपारीची बाग, बोलणं पुस्तकी आणि शांत. हर्षदने पुन्हा सुरुवात केली की हार्टचं सगळं चेक झालंय. त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि हितेशकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा. नुसतं सांगू नका, एका बोटाने दाखवा."

हितेशने बोट उजव्या बरगडीवर ठेवलं.

"कालीज गो बाय," सखुबाई मागून म्हणाली. "बोकराचा कालीज नाय का, तिथं. पयल्या दिसापासून तां सांगतंय त्यो."

हर्षदचा चेहरा पडला. डॉक्टरांनी दोन बरगड्यांच्या मधे अंगठ्याने दाबलं आणि हितेश पलंगावरून उडालाच. पुढचं भराभर झालं. सोनोग्राफीच्या पडद्यावर माझ्या उजव्या भागात काळी मोसंबी दिसली. भिंत पाहून डॉक्टरांनी थांबायचं नाही असं ठरवलं. नेमाप्रमाणे तपासायला रक्त काढून पाठवलं खरं, पण निकाल यायच्या आत सुई घालायची होती.

ती सुई आत येताना मला कळली. एक इंच इकडेतिकडे झालं असतं तर भिंत तिनेच फोडली असती. प्राप्ती बाहेर उभी होती, तिने हर्षदचा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे दोन दिवस वळ होते. सुई बरोबर पोकळीत शिरली. बाहेर आला तो पिकून काळवंडलेल्या चिक्कूच्या रंगाचा पू, अर्धा लिटरच्या वर. मी कित्येक दिवसांनी जागच्या जागी सैल झालो. बरोबरीने अमीबाचं औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी ताप गेला. डोळे निवळायला लागले. हितेशने चहा मागितला, बरोबर पाव मागितला, आणि प्राप्ती रडत रडत हसली.

आणि मला पुन्हा धडकी भरली. सगळ्यांना आरोपी सापडला होता. दरोडेखोराला धरलं की चोराला कोण शोधतो?

सामान बांधून झालं होतं तेव्हा डॉक्टर अनुया रक्ताचा कागद घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं की हेपॅटायटिस बी निघालाय, आणि सोनोग्राफीत काळीज राठही दिसलं होतं, ते एका महिन्याचं काम नव्हे.

हर्षद म्हणाला, "मॅडम, पण कारण तर सापडलं ना?"

"एक सापडलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावलं. आधीच वण पडलेल्या काळजावर गळू झालं म्हणून ते इतकं विकोपाला गेलं. गळू भरून येईल. विषाणू जाणार नाही, पण रोज एक गोळी घेतली तर गप्प बसेल. नाही घेतली तर तो माझा दगड करेल, किंवा माझ्यात गाठ उठवेल. गोळी सुरू करायच्या आधी तो किती आहे ते मोजायला हवं, म्हणून तीन आठवड्यांनी या. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. हितेशने विचारलं की हेपॅटायटिस म्हणजे कावीळच ना, मग ती तर गेली.

"कावीळ म्हणजे नुसता पिवळा रंग," डॉक्टर म्हणाल्या. "रंग गेला. ज्यांनी आणला त्यांतला एक अजून आत आहे."

हितेशने मान हलवली. ही मान मला ओळखीची आहे. ट्रेलरचा मालक जादा फेरी सांगतो तेव्हाही तो अशीच हलवतो आणि मनात दुसरंच असतं.

तीन आठवड्यांचे सहा झाले. तो पुन्हा गाडीवर चढला. अंगात ताकद आली होती, दुखत नव्हतं. दुखत नव्हतं, हेच तर माझं दुर्दैव. माझ्यातली पोकळी हळूहळू भरत होती आणि कोपऱ्यातला तो जुना पाहुणा, इतक्या गडबडीनंतर, पुन्हा हातपाय पसरत होता. मी त्याचा प्रत्येक दिवस मोजत होतो. हितेश फिल्टर बदलत होता, ट्रेलरचे.

प्राप्तीला धीर निघाला नाही. एका सोमवारी ती सासूला आणि केसरला घेऊन स्वतःच अलिबागला गेली. तिघींचं रक्त दिलं. केसरला जन्मल्या जन्मल्या लस टोचली होती, ती सुरक्षित निघाली. प्राप्तीला लागण नव्हती, तिला लस सुरू केली. सखुबाईच्या कागदावर मात्र तेच नाव होतं जे हितेशच्या कागदावर होतं.

डॉक्टरांनी तिला फार सांभाळून सांगितलं. हा रोग जेवणातून, एका ताटातून, मांडीवर घेण्यातून पसरत नाही. रक्तातून जातो, सुईतून जातो, शरीरसंबंधातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. हितेश जन्मला तेव्हा ही लस आपल्याकडे सर्रास नव्हती, कुणी तपासतही नव्हतं, यात तुमचा दोष नाही. सखुबाईने त्यातलं एकच वाक्य ऐकलं. आईकडून बाळाकडे.

घरी येऊन तिने आपलं ताट वेगळं केलं. पेला वेगळा केला. केसरला मांडीवर घेईना. पोर दाराशी उभी राहून आजीला हाका मारायची आणि सखुबाई भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टरांनी तिलाही गोळी लिहून दिली होती. पुडी तशीच फळीवर पडली. प्राप्तीने चार दिवस समजावलं आणि मग हितेशला फोन केला.

हितेश माणगावच्या अलीकडे होता. कंटेनर उतरवून तो रिकामा ट्रेलर घेऊन थेट घरी आला. पडवीत आई बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. सखुबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मीच दिला तुला. माज्या पोटान व्हतास तवाच दिला. तू मरत व्हतास तां माज्यापायी."

मी आत ताठ झालो. तो काय बोलतो याच्यावर दोघांचंही पुढचं आयुष्य होतं, आणि हा माणूस बोलण्यात कधीच हुशार नव्हता.

हितेशने फळीवरची पुडी काढली आणि तिच्यातली एक गोळी आईच्या हातावर ठेवली.

"आये," तो म्हणाला, "कालीज पन तूच दिलंस ना मना. त्याचा कोन काय बोलत नाय. मी उद्या अलिबागला जातंय, माजी गोली घेऊन येतंय. तू आज खा."

सखुबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग केसरला पाणी आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. विषाणूची मोजणी झाली आणि माझीही गोळी सुरू झाली. त्याला आता सहा महिने झाले. मी पूर्ववत झालेलो नाही, खोटं कशाला सांगू. वण आहेत ते आहेतच. पण नवे पडत नाहीत. पाहुणा कोपऱ्यात आहे, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर पहारा आहे. हितेश माडी पीत नाही, रांगेत घरचं उकळलेलं पाणी पितो, सोबती त्याची चेष्टा करतात. करू देत. तुम्हीही उजव्या बरगडीखाली एकदा हात ठेवून बघा, आणि रोगाचं एक नाव सापडलं म्हणजे चौकशी संपली असं मानू नका. आम्ही ओरडत नाही, कुणीतरी विचारावं लागतं.

मला मात्र अजून आठवते ती पडवीतली दुपार. केसर पेला सांडत सांडत घेऊन आली आणि सखुबाईने गोळी गिळली. तिच्या बरगड्यांआड एक म्हातारं काळीज आहे, ज्याच्या शेजारी मी घडलो. साठ वर्षं तो पाहुणा एकट्याने सांभाळत ते एका शब्दाने कधी कुरकुरलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्याकडे पहिल्यांदा मदत पोचली.